हातभर कमी पडलेली दोरी

अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या उन्हाळ्यात आबांच्या उजव्या मनगटाला कामट्या बांधलेल्या होत्या. कांद्याच्या एका ट्रकला हँडल मारताना हँडल उलटं फिरलं आणि मनगट मोडलं. चाकणच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून, वर कसलासा हिरवा लेप देऊन फडकं गुंडाळलं, आणि दीड महिना हात हलवायचा नाही असं बजावलं. त्या दीड महिन्यात आबा सगळ्यांवर असे काही करवादायचे की आई आम्हा दोघींना हळूच म्हणायची, ‘‘हाताऐवजी जबडा बांधून दिला असता वैद्यानं, तर घर तरी निवांत ऱ्हायलं असतं.’’ अक्का हसायची आणि हसताना पोटावर हात धरायची. तिचे पाय तेव्हाच सुजायला लागले होते, पण पहिलटकरणीचे पाय सुजतातच म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

आमचं गॅरेज चाकणलाच, नाशिक रस्त्याला लागून, कांद्याच्या बाजाराच्या थोडं अलीकडे होतं. पुढे पत्र्याची पडवी, पडवीपुढे गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा, आणि मागे आमच्या दोन खोल्या. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आबा लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात काम शिकले आणि लढाई संपल्यावर इथेच राहिले. सकाळ झाली की बाजारातल्या लिलावाचे आवाज, बैलांच्या घुंगरमाळा आणि आबांच्या हातोडीचा ठणठणाट, सगळं एकदमच सुरू व्हायचं. आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, अगदी पिण्याच्या पाण्यालासुद्धा कांद्याचा आणि पेट्रोलचा वास असायचा. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा पहिले आठ दिवस मला घरात काहीतरी कमी आहे असं सारखं वाटायचं. मग लक्षात आलं, घराला वास नव्हता.

आम्हाला भाऊ नव्हता. त्यामुळे आबांचा हात मोडल्यावर मी पडवीत गेले. चौदा वर्षांची होते, सातवी झाल्यावर शाळा सुटली होती, आणि खरं सांगायचं तर पोलक्याच्या बाह्यांवर काळं लागलं की मला आतून फार बरं वाटायचं. आई चिडायची. ‘‘उद्या हिला बगाया पावनं आलं, की काय दावायचं? हाताची नखं?’’ आबा म्हणायचे, ‘‘मी काय तिला गाडीखाली कायमची गाडतोय का? माझा हात बरा होईस्तोवर.’’ माझे हात लहान होते आणि जिथे आबांची मूठ जात नसे तिथे माझा हात कोपरापर्यंत जायचा. ही गोष्ट आबांनी एकदा गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवली, आणि मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

गावात मोटार होती ती गेनूशेठची. गेनूशेठ आडत करायचे, जुन्या गावातले, भरपूर शेतीवाले. त्यांची लांबोडी काळी मोटार साहेबाच्या काळातली होती आणि उन्हाळ्यात हमखास बंद पडायची. कारण साधं होतं. इंजिनातून तापलेला धूर ज्या लोखंडी नळातून बाहेर पडतो, त्याच्या चार बोटांवरून पेट्रोलची बारीक नळी गेली होती. चैत्राचं ऊन आणि वर त्या नळाची धग, यामुळे नळीतलं पेट्रोल उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि गाडी रस्त्यात खोकून थांबायची. ड्रायव्हर लोक नळीवर ओलं फडकं टाकून वेळ मारून न्यायचे. आबांचा उपाय पक्का होता. धुराच्या नळालाच ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, म्हणजे धग आतल्या आत राहते. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्कराच्या लिलावातला माल यायचा, तिथून त्यांनी त्या दोरीचं भेंडोळं आणून ठेवलं होतं. आम्ही तिला नुसती पांढरी दोरी म्हणायचो.

अक्काचं पुण्याला जायचं ठरलं तेही याच मोटारीवरून. तिला आठवा लागला होता. सुजेच्या जोडीला डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे येतात म्हणू लागली, तेव्हा सगुणाबाई सुईणीनं तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरून येईना. सगुणाबाई आईला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘ह्ये माझ्या हातातलं न्हाई. हिला पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात दावा, अन् उगं दिस काढू नका.’’ एसटीत तिला धक्के सोसवले नसते. आबा गेनूशेठकडे गेले. शेठ म्हणाले, ‘‘माजी मोटर तुमच्याकडंच हाय की दुरुस्तीला. दोरी बांदा, लेकीला पुन्याला न्या, तेवडीच चाचनी बी हुईल.’’ माणूस मोकळ्या मनाचा होता, हे मला इथे नोंदवलंच पाहिजे. आबांच्या कामट्या सुटून चार दिवस झाले होते. स्टिअरिंग धरता येत होतं, पण दोरी पिळून ओढण्याइतका जोर मनगटात नव्हता. म्हणून दोरी मी बांधायची ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

दोरी बांधायची रीत होती. आधी ती बादलीत तासभर भिजवायची, म्हणजे मऊ पडते आणि तिचं पांढरं कूस, बारीक तंतू, फारसं उडत नाही. मग नळाला वेढा द्यायचा तो असा, की प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर बसला पाहिजे. अर्ध्याहून कमी बसला तर फट राहते, जास्त बसला तर दोरी वाया जाते. चार वेढ्यांनंतर तार आवळायची. शेवटी वरून चिकणमातीचा पातळ हात द्यायचा, नुसती माती आणि पाणी. आबा पडवीत पिंपावर बसून सांगत होते आणि मी इंजिनात डोकं घालून वेढे देत होते. तरी थोडं कूस नाकातोंडात जायचंच, आणि मनगटापासून कोपरापर्यंत खाज सुटायची. रात्री आई तेल लावायची आणि त्या दोरीच्या नावानं बोटं मोडायची. परवा एका तरुण डॉक्टरनं माझ्या छातीचा फोटो दिव्यासमोर धरून विचारलं, ‘‘आजी, कधी कारखान्यात काम केलं होतं का?’’ मी नाही म्हणाले. गॅरेज त्याच्या प्रश्नात बसत नव्हतं.

मला काम चांगलं दिसायला हवं होतं. वेढे दाट दिसावेत म्हणून मी ते अर्ध्याहून जास्त चढवत गेले. आबा वरून बघत होते तो भाग खरंच सुरेख दिसत होता. खाली, जिथे नळ वळून पेट्रोलच्या नळीजवळून जातो, तिथे पोचले तेव्हा हातात दोरीचं टोक होतं आणि नळ अजून हातभर उघडा होता. भेंडोळं संपलं होतं. नवी दोरी आणायची म्हणजे पुण्याला जायला हवं होतं, आणि सगळं सोडवून पुन्हा बांधायचं तर भिजलेल्या दोरीचे धागे तुटले असते. आबा मगाशी एका बैलगाडीवाल्याशी बोलायला रस्त्यावर गेले होते. मी तशीच वाकून उभी राहिले. चूक कबूल केली असती तर अक्काचं जाणं दोन दिवसांनी लांबलं असतं, ही सबब मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवली. ती खोटी नव्हती. पण त्या क्षणी मनात होतं ते एवढंच, की आबा मला पुन्हा गाडीला हात लावू देणार नाहीत.

मग मला चूल आठवली. आमच्या चुलीचा काठ फुटला होता, कारण अक्काला भाजक्या मातीचे डोहाळे लागले होते आणि ती येता-जाता काठाचा तुकडा मोडून तोंडात टाकायची. तो काठ लिंपायला आईनं सकाळीच चिकणमाती, शेण आणि गव्हाचा भुसा असा काला मला कालवायला लावला होता. नुसती माती वाळली की तडकते, शेण-भुसा घातला की धरून राहते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. माझा विचार सरळ होता. चूल दोन वेळा पेटते, तरी चूल जळत नाही, मग नळ कसा जळेल? मी काल्याचा एक मोठा गोळा आणला, उघड्या नळावर बोटभर जाडीचा थर दिला, वर दोरीच्या टोकाचे धागे चिकटवले आणि सगळ्यावर पातळ चिकणमाती फिरवली. उरलेल्या काल्यानं चुलीचा काठ लिंपला. आबा परत आले, वाकून वरचे वेढे बघितले आणि विचारलं, ‘‘पुरली का?’’

‘‘पुरली,’’ मी म्हणाले.

खालचा भाग त्यांना दिसत नव्हता, आणि हात घालून बघायला त्यांचा हात आत जात नव्हता. त्यांनी माझ्या शब्दावर बॉनेट लावलं.

संध्याकाळी इंजिन पाच मिनिटं चालू केलं. ओल्या दोरीतून वाफ निघाली, ती नेहमीच निघते. ‘‘रातभर वाळू दे,’’ आबा म्हणाले. ओल्या चुलीत जाळ घातला तर काठ तडकेल म्हणून आईनं त्या दिवशीचा स्वयंपाक अंगणात तीन दगडांवर केला. पिठलं आणि भाकरी. अक्का दोन घासांवर उठली. डोकं दुखतंय म्हणाली.

सकाळी कोरा चहा आणि शिळी भाकरी खाऊन ते निघाले. तो चहाही अंगणातच झाला. मागच्या सीटवर गोधडीची घडी घालून अक्काला बसवलं, शेजारी आई मांडीवर पाण्याचा तांब्या धरून बसली. आई म्हणाली, ‘‘दोन भाकऱ्या टाकून खा. दार उघडं टाकून कुटं हिंडू नगंस.’’ मोटार गेली. मी पडवी झाडली, नट आवळायचे पाने पुसून ठेवले, बादली धुतली. मनात कुठेतरी टोचत होतं, पण ते खोटं बोलल्याचं टोचणं होतं. भीती अजून नव्हती.

मग मी चूल पेटवली. तवा तापेपर्यंत पीठ मळलं, पहिली भाकरी थापली, आणि वास आला. आधी वाटलं तव्यावर काही सांडलं असेल. बघते तर चुलीच्या नव्या काठातून धूर निघत होता. भाकरी तशीच परातीत ठेवून मी खाली वाकले. आतल्या बाजूनं भुसा धुमसत होता. ज्वाला नव्हती, नुसता लाल ठिपका होता आणि तो मातीच्या आतून हळूहळू पुढे सरकत होता. एक ढपला सुटून खाली पडला, फुटला, आणि त्याच्या आतला निखारा वाऱ्यानं फुलला. नवी चूल पहिल्यांदा पेटवली की दोन दिवस अशीच धुमसते. आतला भुसा जळून जातो तेव्हा कुठे चूल पक्की होते. हे मला माहीत होतं. लहानपणापासून बघितलेलं होतं. फक्त गाडीखाली असताना ते आठवलं नव्हतं. आता मला त्या चुलीत तो वळणाचा नळ दिसायला लागला, त्याच्यापासून चार बोटांवरची पेट्रोलची नळी दिसायला लागली, आणि मागच्या सीटवर गोधडीवर बसलेली अक्का.

दार उघडंच टाकून मी रस्त्यावर धावले. पायात काही नव्हतं, हात पिठाचे होते. बाजारातून कांदा भरून ट्रक पुण्याकडे निघायची ती वेळ. पहिला थांबला नाही. दुसरा बबनमामाचा होता. बबनमामा आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, निमगावचा. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले म्हणून त्याला थांबावंच लागलं. ‘‘काय गं शके, याड लागलं का?’’ म्हणाला. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्यानं क्लीनरला वर पोत्यांवर पाठवलं आणि मला शेजारी ओढून घेतलं. भरलेला ट्रक, तो पळणार किती? चढावर तर सायकलवाला आमच्या पुढे गेला. मी प्रत्येक वळणावर आधी आभाळाकडे बघत होते, काळा धूर दिसतो का म्हणून. बबनमामा सारखा म्हणत होता, ‘‘हाय तुजा बा गाडीत, त्येला कळतंय समदं.’’ त्याच्या त्या बोलण्यानं माझा जीव आणखीच टांगणीला लागत होता. बापाला काय कळणार? बापाला मी पुरली म्हणून सांगितलं होतं.

मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या पुलाकडे रस्ता उतरतो तिथे मोटार उभी दिसली. बॉनेट उघडं होतं. धूर नव्हता. मोटारीपासून लांब, बाभळीच्या विरळ सावलीत गोधडी अंथरून आईनं अक्काला कुशीवर निजवलं होतं. अक्काचे डोळे मिटलेले होते आणि मी जवळ जाईपर्यंत ते उघडले नाहीत. तेवढ्या वीस पावलांत माझ्या मनात जे आलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. अक्कानं डोळे उघडले. ‘‘तू कशाला आलीस?’’ म्हणाली.

आबा मोटारीपाशी डावा हात पालथा धरून उभे होते. काय झालं ते त्यांनी बबनमामाला सांगितलं तेव्हा मला कळलं. उतारावर जळका वास आला. त्यांनी गाडी थांबवून आधी दोघींना उतरवलं, लांब बसवलं, मग बॉनेट उघडलं. नळाच्या वळणावरून निखारे गळत होते आणि नळीवर कुणा ड्रायव्हरनं टाकलेलं जुनं फडकं धुमसायला लागलं होतं. उजव्या हातात जोर नाही, म्हणून त्यांनी डाव्या हातानं ते धुमसणारं सगळं उपसून काढलं. तरी आत लाल राहिलंच. तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, पाणी मारायचं नसतं, बीड तडकतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी आईकडचा तांब्या घेतला आणि नळावर रिकामा केला. नळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटला. गेनूशेठची मोटार आता ओढून न्यावी लागणार होती.

बबनमामानं दुसरं काही विचारलं नाही. ‘‘पोरीला उचला,’’ म्हणाला. अक्काला आम्ही सगळ्यांनी मिळून ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं, शेजारी आई चढली. ट्रक पूल ओलांडून भोसरीच्या बाजूला दिसेनासा झाला. मग आबा नदीवर गेले आणि त्यांनी हात पाण्यात बुडवला. मी मागे उभी राहिले.

‘‘आबा, दोरी पुरली नव्हती.’’

‘‘कळलं.’’

‘‘मी चुलीचा काला लावला.’’

त्यांनी पाण्यातला हात वळवला. ‘‘शेण घातलेला?’’

‘‘शेण अन् भुसा.’’

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘‘कमी पडली म्हणाली असतीस, तर उघड्या भागाला पत्रा बांधला असता. पाच मिनिटांचं काम होतं.’’ एवढंच म्हणाले, आणि ते ऐकल्यावर मला रडू आलं. पाच मिनिटांचं काम होतं, हे मला सहनच होईना.

ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ कशी गेली हे मला लिहिता येणार नाही. आबांच्या हातावर फोड आले होते, उजवा अधू, डावा भाजलेला. मी त्यांना घास भरवत होते. ते खात होते, पण आम्ही दोघंही रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकच्या आवाजाला थांबत होतो. दहाच्या सुमारास बबनमामाचा रिकामा ट्रक पडवीसमोर आला. तो खाली उतरायच्या आधीच बोलला, ‘‘पोरगा झाला. अपुऱ्या दिसांचा हाय, पर रडतोय ब्येस. पोरगी शुद्धीवर हाय. डाक्टर म्हनला, आज आनली असती तर काय खरं न्हवतं.’’ आबा पिंपावर बसले. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि तिचा तो जळका काठ हातानं उपटून काढला.

दुपारी, मोटार ओढून पडवीत आणल्यावर, गेनूशेठ आले. त्यांनी फुटलेला नळ बघितला, वर शिल्लक राहिलेले वेढे बघितले, आणि खाली नळाला चिकटलेलं ते शेणामातीचं खरकटं नखानं खरवडून वास घेतला. त्यांनाही चूल माहीत होती. ‘‘ह्ये कुनी बांदलं?’’

मी दारात उभी होते. तोंड उघडलं होतं.

‘‘म्या,’’ आबा म्हणाले. ‘‘दोरी कमी पडली, भागवाभागवी केली. चुकलं, शेठ.’’

गेनूशेठनी नखातली माती झटकली. ‘‘गरवार लेक बसायची व्हती गाडीत,’’ एवढंच म्हणाले आणि निघून गेले. रागावून बोलले असते तर आबांनी ऐकून घेतलं असतं. पण शेठच्या डोळ्यांत जी किळस होती ती आबांनी बघितली, मीही बघितली. शेठ गेल्यावर मी म्हणाले, ‘‘मी सांगून येते त्यांना.’’ आबा म्हणाले, ‘‘काही नको. पोरीला गाडीखाली कामाला घातली हे एक, अन् पोरीनं बहिणीच्या जिवाशी खेळ केला हे दुसरं. उद्या तुला बघायला येणारे ह्येच बोलत बसतील. तू आत जा.’’ आणि मी आत गेले. चौदा वर्षांची होते म्हणा, किंवा मला आत जायचंच होतं म्हणा.

गावात बोभाटा व्हायला चार दिवस लागले. आबांनी मोटारीला शेण लिंपलं, यावर बाजारात हसून हसून लोक दमले. ट्रकवाले एकेक करून भोसरीच्या नव्या गॅरेजकडे वळले. बबनमामा तेवढा येत राहिला. वर्षभरात आबांनी पडवी मोडली आणि पिंपरीला कारखान्याच्या भिंती उठत होत्या तिथे फिटर म्हणून लागले. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. चांगलं काम करायचे, पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून. निवृत्त होईपर्यंत स्वतःच्या मनानं कुठलंही इंजिन उघडलेलं मी त्यांना बघितलं नाही. आईला मात्र खरं शेवटपर्यंत कळलं नाही. अक्काला मी सांगणार होते, दर संक्रांतीला, दर दिवाळीला. ती ही गोष्ट इतकी रंगवून सांगायची, आबांचं शेण आणि बबनमामाचा कांद्याचा ट्रक, की सगळे हसायचे आणि त्यांच्याबरोबर मीही हसायचे. ती गेली त्याला आता सहा वर्षं होतील.

मोशीच्या उतारावरून वाचलेला तो अपुऱ्या दिवसांचा पोरगा आता निवृत्त झाला आहे. परवा जेवायला आला होता. नातवंडांना गोष्ट सांगता सांगता म्हणाला, ‘‘आमचे आजोबा माणूस देव, पण मेकॅनिक बेताचेच.’’ मी वाढत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘‘ती दोरी मी बांधली होती. शेण मी लावलं. आबांनी नाही.’’ सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग तो हसला.

‘‘मावशी,’’ म्हणाला, ‘‘आजोबांची बाजू घ्यायची तुझी सवय काही जायची नाही.’’ आणि त्यानं ताट पुढे केलं.